झरीवाडी पाचव्या पायरीवर

गोकुळदास गावस यांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. बॅगेकडे पाहिलं. मग बॅगेतून डोकावणाऱ्या कागदांकडे, मग माझ्या चपलांकडे आणि सगळ्यात शेवटी, अगदीच नाइलाज झाला म्हणून, माझ्याकडे.

"कोणाची तूं?"

"हांव समीक्षा. पेडण्याची."

"पेडण्यां कोणाची?"

मी वडिलांचं नाव सांगितलं, आजोबांचं सांगितलं, घराजवळचं देऊळ कुठलं तेही सांगून टाकलं. त्यांनी मान हलवली नाही. दारात चुन्याचा कट्टा होता, त्याला आमच्याकडे सोपो म्हणतात. त्यावर बस असं काही म्हणाले नाहीत. आणि पाणी दिलं नाही.

पाण्याचं जरा सांगायला हवं. गोव्यात दारात कुणीही येवो, वीजबिल देणारा असो की पाव विकणारा पोदेर, त्याला आधी गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी मिळतं. बाकीचं बोलणं नंतर. इथे एप्रिल संपत आलेला, घशाला कोरड पडलेली आणि हा माणूस माझ्या चपला मोजतोय. मी मनात म्हटलं, उर्मट दिसतोय. पण ते उर्मट नव्हते, संशयी होते. उर्मट माणसाला निदान टाळता येतं. संशयी माणूस तुमच्या मागोमाग येतो, हे मला पुढच्या आठ दिवसांत चांगलं कळलं.

माझं काम काय होतं ते आधीच सांगते, नाहीतर तुम्हीही माझ्या बॅगेकडे बघायला लागाल. देशाची भरभराट मोजायची म्हणजे किती माल निघाला आणि किती विकला गेला एवढंच मोजायचं, ही आपली जुनी सवय. एम.ए.ला आमचे सर एक उदाहरण द्यायचे. डोंगर खणून खनिजाचा ट्रक गेला, उत्पन्न वाढलं. ट्रकच्या धुळीने एक म्हातारा खोकायला लागला, त्याने औषध आणलं, उत्पन्न पुन्हा वाढलं. आणि तोच म्हातारा झऱ्यावर बसून ओंजळीने पाणी प्यायला तर उत्पन्नात काहीच धरलं जात नाही. तर एका संस्थेच्या मनात आलं की हे सगळं सोडून माणसांनाच विचारावं. झोप लागते का, हवा कशी आहे, शेजाऱ्यावर विश्वास आहे का, स्वतःसाठी वेळ मिळतो का. असे अठ्ठेचाळीस प्रश्न. शेवटचा प्रश्न शिडीचा. दहा पायऱ्यांची शिडी आहे असं समजा. सगळ्यात वाईट आयुष्य तळाशी, सगळ्यात चांगलं दहाव्या पायरीवर. तुम्ही कितव्या पायरीवर आहात?

मला हे काम मनापासून आवडलं होतं. कुणीतरी एकदाचे बरोबर प्रश्न विचारतंय आणि ते विचारणारी मी आहे, याचा मला गर्वच होता म्हणा ना.

डिचोली तालुक्यात लाटंबार्सेच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी झरीवाडी आहे. चोपन्न घरं, काजूची लागवड, थोडी भातशेती, सुपारीची बाग म्हणजे कुळागर आणि या सगळ्याला पाणी पुरवणारी एक झर, म्हणजे झरा. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचा वेगळा फॉर्म भरायचा होता. सोनाली नावाच्या चुणचुणीत बाईच्या घरापासून मी सुरुवात केली. कितवी पायरी? "पाच." पुढचं घर, "पाच." तिसऱ्या घरातली म्हातारी बहिरी होती. तिला प्रश्न ऐकूच गेला नाही, तरी तिने पंजा वर करून दाखवला.

चार दिवसांत एकशे एकतीस फॉर्म झाले आणि एकशे एकतीस वेळा पाच आलं. पाणी एकाही घरात मिळालं नाही. सही ऐच्छिक होती, तीही एकाने केली नाही.

या चार दिवसांत गोकुळदासकाका काठी घेऊन वीस पावलं मागून चालत असायचे. मी थांबले की तेही थांबायचे आणि शेजारच्या फणसाकडे अशा काही नजरेने बघायचे की जणू तो फणसही कुठल्या तरी कचेरीतून आलाय. गावात त्यांच्या गोष्टी भरपूर. वीजमीटर बघायला माणूस आला की त्याची वेळ ते कोळशाने भिंतीवर लिहून ठेवत. लसीकरणाच्या वेळी त्यांनी नर्सला बाटलीवरचं सगळं मोठ्याने वाचायला लावलं होतं, अगदी कुठे बनली तेसुद्धा. मुलगी सेजल म्हापशाला द्यायची होती, तेव्हा मुलाची चौकशी दोन वर्षं चालली. पोदेराकडे झाली, न्हाव्याकडे झाली, मुलाच्या इस्कोलच्या मास्तरांकडेही झाली. जावई अजून म्हणतो, माझ्याबद्दल मला जेवढं माहीत नाही तेवढं सासऱ्यांना माहीत आहे.

आणि सही. हा माणूस एके काळी पंचायतीत पंच होता, अक्षर मोत्यासारखं, पण सोळा वर्षांत त्याने सही म्हणून केली नव्हती. जिथे अडेल तिथे अंगठा लावायचा. बायकोलाही कुठे सही करू द्यायची नाही.

त्यांचा स्वतःचा फॉर्म त्यांनी उभ्या उभ्या उरकला होता. "पाच. जालें?" मी म्हटलं, काकींनाही विचारायचंय. "तिचेंय पाच." आतल्या जनेलापाशी, म्हणजे खिडकीपाशी, भागीरथीकाकी उभ्या होत्या. मी आले तेव्हा आतून फुगडीच्या गाण्याची एक ओळ ऐकू येत होती. नवऱ्याची काठी वाजली तशी ती मध्येच थांबली. नियम असा होता की ज्याचं उत्तर त्यानेच द्यायचं. पण दुपार झाली होती, डोकं भणभणत होतं. मी काकींच्या फॉर्मवर पाच लिहिलं आणि निघाले. हे मी केलं, म्हणून सांगते.

रोजचे आकडे मी फोनवरून पणजीला कळवत होते. पाचव्या दिवशी तिथून मंगेशचा फोन आला. मंगेश आमचा सुपरवायझर, मूळचा कोल्हापूरकडचा.

"काय ओ समीक्षा मॅडम, झाडाखाली बसून भरलासा काय फॉर्म?"

"म्हणजे?"

"एकशे एकतीस माणसं आणि सगळी पाच? अहो, आमच्यात दोन सख्ख्या भावांचं आमटीच्या मिठावर एकमत होत नाही. सोमवारपर्यंत सगळं परत विचारून आणा. न्हाईतर गाव रद्द, आणि तुमचं नावपण यादीतनं काढायला लागंल."

मी तापले. उन्हातान्हात पायांचे तुकडे पाडून घेतलेले फॉर्म, आणि हा म्हणतो झाडाखाली! संशय घेतला की कसं वाटतं ते मला त्या दिवशी समजलं. आणि गंमत बघा, त्याच तिरीमिरीत मी स्वतः दुसऱ्यावर संशय घ्यायला निघाले. हे पाच कुणीतरी पढवलेले होते आणि ते कुणी पढवले हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

सोनाली अंगणात बसून काजूच्या बोंडांमधून बिया पिळून काढत होती. मी तिच्यासमोर बसकण मारली आणि स्पष्टच विचारलं. ती आधी हसली, मग रस्त्याकडे बघितलं, फणसाखाली काठी दिसत नाही याची खात्री केली.

"गोकुळदासमामान सांगलां. पाच म्हणात, म्हणून."

"पण पाचच कित्याक?"

"दहा सांगले जाल्यार म्हणटले, हांकां सगळें आसा, थोडें व्हेलें म्हणून काय जातलें? एक सांगलो जाल्यार म्हणटले, हांगा उरलां कितें, उठयात तांकां. पाचाक खंयच धरपाक मेळना."

भरपूर आहे म्हटलं तर घेऊन जातील, काहीच नाही म्हटलं तर उठवतील. पाच म्हणणाऱ्याचं काय करायचं ते कुणालाच ठरवता येत नाही. दोन वर्षं अर्थशास्त्र शिकले, पण एवढं सुटसुटीत मला कुणी सांगितलं नव्हतं. राग मात्र तसाच होता. मी तडक झरीवर गेले.

सकाळची वेळ. शिरगावची जत्रा चार दिवसांवर आली होती. तिथल्या देवीचं व्रत धरणाऱ्या भक्तांना धोंड म्हणतात, तसे तीन धोंड झरीवर आंघोळ करत होते, त्यांच्या वेताच्या काठ्या बाजूला टेकवलेल्या. चिऱ्याच्या कपारीतून पाणी येत होतं आणि पोफळीच्या पोकळ खोडावरून दगडी डोणीत पडत होतं. गोकुळदासकाका डोणीतला पालापाचोळा काढत होते आणि धोंडांपैकी कुणी साबण तर आणला नाही ना यावर एक डोळा ठेवून होते. देवीच्या धोंडांनाही सूट नव्हती.

"काका, सगळ्यांक पाच सांगपाक तुमी शिकयलें?"

"व्हय."

एवढंच. मला वाटलं होतं ते नाही म्हणतील, ताकाला तूर लागू देणार नाहीत, मग मी वाद घालीन. वादाची सगळी तयारी फुकट गेली.

"तुमचेपायीं म्हजी नोकरी वता."

"नोकरी दुसरी मेळटा. झर मेळना." ते उठले. "चल."

डोंगरावर दहा मिनिटं चढलो. वर अगदी तशीच एक दगडी डोण होती, खालच्यापेक्षा मोठी. आत सुकलेली पानं आणि सापाची कात. पलीकडे टेकडी कापलेली आणि खाली खाणीचा बंद पडलेला खड्डा, त्यात हिरवंगार पाणी साचलेलं.

"ही वयली झर," ते म्हणाले. "म्हज्या जिबेन सुकयली."

अठरा वर्षांपूर्वी एका दुपारी तीन माणसं बॅगा घेऊन आली. गावाचं राहणीमान बघायला आलोय म्हणाली. त्यांत एक मुलगी होती, "तुजेसारकीच हांसताली." काकांनी त्यांना सोप्यावर बसवलं, गूळ दिला आणि याच झरीचं पाणी दिलं. त्यांतल्या एका मुलाने तांब्या हातात धरूनच विचारलं, गावाला पाणी पुरतं ना?

आता तुम्ही म्हणाल, पुरत नसेल तर सांगायचं नाही म्हणून. पण आमच्याकडे ते सांगता येत नाही. पाहुण्याच्या हातात तुमच्या घरचा तांब्या आहे. तुम्ही त्याला पुरत नाही म्हणालात तर तो पिणार कसा? त्याचा घोट घशातच अडकायचा. मे महिन्यात ही झर करंगळीएवढी व्हायची, बायका पहाटेपासून रांग लावायच्या. तरी गोकुळदास गावस यांनी छाती फुगवून सांगितलं, "पुरता म्हणजे? पियात! गावाक पुरून उरता." आणि पंच म्हणून त्या कागदाखाली झोकात सही केली.

दोन वर्षांनी खाणीच्या सुनावणीत एका साहेबाने तो कागद वाचला. ग्रामस्थांच्या मते पाणी मुबलक आहे, हरकत नाही. खाली सही. पुढच्या तीन वर्षांत खड्डा झरीच्या पातळीखाली गेला आणि एका मे महिन्यात करंगळीएवढी धार उरली होती तीही थांबली. पाऊस पडला तरी परत आली नाही.

खिशातल्या प्लास्टिकच्या पिशवीतून काकांनी त्या कागदाची झेरॉक्स काढली. घड्यांवर फाटलेली, मागून चिकटपट्टी लावलेली. सही खरंच झोकदार होती.

"गावान म्हाका एक उतर म्हणूंक ना," ते म्हणाले. एका शब्दानेही गाव बोललं नव्हतं. "कोणेंच ना. गाळी दिल्ल्यो जाल्यार बरें आशिल्लें." ते खड्ड्याकडे बघू लागले. "उदक दिलें काय मनीस फट उलयता." फट म्हणजे खोटं. "म्हणून आतां बॅगवाल्याक उदक दिवप ना. गावांतय सांगून दवरलां."

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे आपण सहज बोलून जातो. इथे एका माणसाने सगळ्या गावाचं ताक सोळा वर्षं फुंकलं होतं. माझा राग कुठल्या कुठे गेला, पण सोमवार तिथेच होता. मी म्हटलं, काका, ही पाहणी खाणीसाठी नाही. उलट लोकांचं खरं सुखदुःख कळावं म्हणून आहे. आणि खालची झर वाचवायची असेल तर खरं लिहिलं गेलंच पाहिजे.

"खाणीखातीर न्हय?"

"न्हय."

"बरें. घरा चल."

घरी त्यांनी शाळेची वही काढली. मजकूर आधीच लिहून ठेवलेला, मोत्यासारख्या अक्षरात: ही पाहणी खाणीसाठी किंवा जमिनीसाठी नाही आणि हे कागद तशा कुणाच्याही हाती जाणार नाहीत, असं मी लिहून देते. खाली माझं नाव, वडिलांचं, आजोबांचं, देवळाचं. पेडण्याला माणूस पाठवून त्यांनी सगळ्याची खात्री करून घेतली होती. आजोबांचं नाव मी घाईत चुकीच्या क्रमाने सांगितलं होतं, तेही दुरुस्त केलेलं.

"सही कर," ते म्हणाले.

मला हसू आलं. एवढंच ना! मी पेन घेतलं, वही मांडीवर ठेवली आणि का कोण जाणे, एकतिसावा प्रश्न आठवला. योग्य सोयी मिळाल्यास आपण दुसरीकडे राहायला जाण्यास तयार आहात का? काकी सोडल्या तर हा प्रश्न मी सगळ्यांना विचारला होता. ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, जो समाधानी असतो त्याला कुठे जावंसं वाटत नाही, म्हणून हा प्रश्न सगळीकडे विचारतात. तेव्हा पटलंही होतं. पण त्या सोप्यावर बसून, खिशातली झेरॉक्स नुकतीच पाहिलेली असताना, तो प्रश्न मला वेगळाच वाटायला लागला. दुसरीकडे म्हणजे कुठे? आणि योग्य सोयी कोण देणार?

अंगणाच्या कोपऱ्यात रेंज येत होती. मी मंगेशला फोन लावला.

"मंगेशदादा, हे फॉर्म शेवटी कुणाकुणाच्या हातात जातात?"

"मागंल त्याच्या. अहवाल झाला की सगळ्यांना खुला. का ओ?"

"उद्या एखाद्या खाणवाल्याने मागितला तर?"

"तुमाला फॉर्म भराय ठेवलंय का वकिली कराय? सोमवार ध्यानात हाय न्हवं?"

मी परत येऊन बसले. खरं सांगते, तरीही सही करावी असं मनात आलं. वही शाळेची, मजकूर हाताने लिहिलेला, कोण विचारणार होतं? दोन अक्षरं खरडली की गाव बोलायला लागणार, फॉर्म भरले जाणार, नोकरी राहणार. अठरा वर्षांपूर्वीच्या त्या हसऱ्या मुलीनेही असंच काहीतरी मनात म्हटलं असेल. माझी मलाच लाज वाटली. मी पेनाचं टोपण लावलं.

"काका, म्हाका खबर ना." मला माहीत नाही, एवढंच मी म्हटलं.

"कितें खबर ना?"

"खाणीखातीर न्हय म्हणून म्हाका सांगलां. पण फाल्यां हे कागद कोण व्हरतलो, ताचें कितें करतलो, म्हाका खबर ना. हांव सही करूंक शकना."

त्यांनी वही घेतली आणि मिटली. मला वाटलं आता म्हणतील, चालू पड. मी बॅग उचलायला लागले. ते माझ्याकडे बघत होते. बॅगेकडे नाही.

"भागी," त्यांनी आत हाक दिली, "उदक हाड गो. गोड घेवन ये."

माझे डोळे भरून आले. आले तर आले, त्यात लपवायचं काय.

"त्या भुरग्यान त्या दिसा 'खबर ना' म्हळें आशिल्लें जाल्यार," ते त्या तांब्या धरलेल्या मुलाबद्दल म्हणाले, "हांवें सही करूंक नाशिल्ली."

भागीरथीकाकी तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन आल्या. काका म्हणाले, आता विचार, पहिल्यापासून विचार. मी जुना फॉर्म काढला. नववा प्रश्न आला तेव्हा तांब्या माझ्या हातातच होता. पिण्याचं पाणी वर्षभर पुरतं का? विचारला खरा, पण विचारता विचारताच मी चपापले. काकांनी तांब्याकडे बघितलं. कपाळावर शीर उभी राहिली.

"पुरना," ते म्हणाले. "मे म्हयन्यांत पंदरा दीस पुरना. बरय." मी लिहिलं. "आणि तूं पी. सगळें पी."

मी सगळं प्यायले. थंड पाणी, त्याला चिऱ्याची किंचित चव.

अठ्ठेचाळीस प्रश्न दोन तास चालले, कारण प्रत्येक प्रश्नावर आधी माझी उलटतपासणी व्हायची. एकतिसाव्याला त्यांनी "ना" म्हणून असा आवाज चढवला की कोंबड्या पळाल्या. शिडीपाशी आल्यावर मात्र त्यांनी आधी डोंगराकडे पाहिलं.

"चार," म्हणाले. "वयली झर आशिल्ली तेन्ना आठ. आतां चार."

पाच खोडून मी चार लिहिलं आणि मला कोण आनंद झाला! झरीवाडीतला पहिला खरा आकडा. मग पुढचा कागद काढला आणि जिभेवर आलेलं सांगून टाकलं. "काकी, तुमचे पाच हांवें विचारिनासतना बरयले. म्हजी चूक जाली."

"तिचेय चार बरय," काका म्हणाले. "घर एकच न्हय?"

काकी रिकामा तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या.

"दोन," त्या म्हणाल्या.

काकांना वाटलं त्यांना शिडी समजली नाही. "भागी, शिडी सकयल्यान मेजतात. दोन म्हणजे वायट."

"म्हाका शिडी कळटा. दोन."

मग त्या बोलल्या, माझ्याकडे बघून, कारण नवऱ्याकडे बघून त्यांना ते बोलता आलं नसतं.

"झर सुकली तेन्ना हांवूय रडलां. पण झर एकदां सुकली. हांगा दर दीस सुकता. दारांत कोण आयलें जाल्यार हांव जनेलांतल्यान पळयतां. शेजारणी येवपाच्यो बंद जाल्यो. फुगडीचें आमचें पथक आशिल्लें, गीत हांव घालतालें. स्पर्धेचो फॉर्म आयलो. नांव, फोटो, सही. हांणीं दिवंक ना. पथक गेलें, म्हज्या जाग्यार दुसरी उबी रावली." त्यांनी तांब्या दुसऱ्या हातात घेतला. "झरीची सही हांचीच गेली मगो? म्हजी कित्याक बंद केली?"

"भागी—"

"तुमचो कोणाचेर विश्वास ना. म्हजेरय ना. सोळा वर्सां."

घरातल्या माणसांवर विश्वास आहे का, हा माझा बाविसावा प्रश्न होता. तासाभरापूर्वी काकांनी त्याला "आसा, आसा, फुडें चल" असं उत्तर दिलं होतं. आता ते सोप्याच्या चुन्यावर बोटाने काहीतरी पुसत बसले होते. तिथे पुसण्यासारखं काही नव्हतं. या माणसाने नर्सवर, पोदेरावर, जावयावर, फणसावर, सगळ्यांवर नजर ठेवली. त्याच्या पाठीमागे जनेलात कोण उभं आहे, तेवढं मात्र त्याने पाहिलं नाही. मला त्यांची दया आली आणि काकींच्या बाजूने रागही आला, दोन्ही एकदमच.

"तिका जाय तें बरय," ते शेवटी म्हणाले. "खोडूं नाका."

काकींनी पदराला हात पुसले, माझ्याकडून पेन घेतलं आणि फॉर्मच्या तळाशी, जिथे सही ऐच्छिक असं छापलं होतं, तिथे सही केली. एकेक अक्षर थांबत, जोर देऊन. भा काढताना कागद थोडा फाटला. काका त्यांच्या हाताकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशीपासून गोकुळदासकाका माझ्यामागून नाही, पुढून चालू लागले. प्रत्येक दारात जाऊन म्हणायचे, "हिका खबर ना म्हणटा. खरें सांगात." आणि दुसरी काहीही शिफारस न करता पुढच्या घराकडे वळायचे. मग आकडे आले. सात आले, तीन आले, आठ आले. सोनाली म्हणाली सहा, पण सासू झोपली की सात. बहिऱ्या म्हातारीने दोन्ही हातांची नऊ बोटं दाखवली आणि दुखणारी दाढ पडली म्हणून सांगितलं. पाणी इतकं मिळालं की तिसऱ्या घरानंतर मी नुसता गूळच घेऊ लागले.

सोमवारी मंगेशने सरासरी काढली. चार पूर्णांक नऊ. "म्हणजे पाचच की ओ," तो म्हणाला, "पहिलेच ठेवले असते तर काय बिघडलं असतं?" नोकरी राहिली. त्याला समजावून सांगायचा मी प्रयत्नही केला नाही.

ते फॉर्म आता कुणाच्या हातात आहेत, मला अजून खबर नाही. त्याची भीती मलाही वाटते. मी रोज न चुकता मंगेशला विचारते आणि तो रोज वैतागतो.

झरीवाडीहून निघाले त्या संध्याकाळी काका बसच्या रस्त्यापर्यंत आले होते. काठी होती, पण वीस पावलांचं अंतर नव्हतं.

"परत येतली?"

"एका वर्सान. हेच प्रश्न."

बस आली, ती काकांनी काठी आडवी धरून थांबवली. मी पायरीवर पाय ठेवला तेव्हा म्हणाले, "फुडल्या खेपेक भागीक पयलीं विचार. हांव घरांत नासतलों. झरीर बसतलों."

"आणि तुमकां?"

"म्हाका मागीर. तिचें सगळें सांगून जालें काय."